वाऱ्यात बास्केटबॉलचा स्टँड उभा ठेवताना

बेस पाण्याने भरलेला बास्केटबॉल स्टँड एकट्याने ढकलून बघा, जागचा हलत नाही. म्हणून तो वाऱ्यालाही दाद देणार नाही असं वाटतं. पण आपण ढकलतो कमरेच्या उंचीवर आणि वारा ढकलतो तीन मीटरच्या वर, बोर्डवर. दार बिजागरीजवळ ढकलणं आणि कडीजवळ ढकलणं यात जो फरक आहे, तोच हा.

आमचा स्टँड एका संध्याकाळी सुटलेल्या वाऱ्यात पुढे झुकून परत मागे आला. पडला नाही, पण पुढची चाकं फरशीवर चांगलीच घासली होती. शेजाऱ्यांचा सल्ला होता, ‘अजून वजन टाका.’ टाकायला हरकत नव्हती, पण किती टाकायचं हे आधी कागदावर काढून बघावं म्हटलं.

हिशेब सोपा आहे. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्यात आमच्या साधारण 0.9 चौरस मीटरच्या बोर्डवर 19 किलोच्या आसपास रेटा येतो. ताशी 80 ला तोच 33 किलोच्या घरात जातो. रिंग नियमाप्रमाणे 3.05 मीटरवर असली की बोर्डचा मध्य येतो सुमारे 3.3 मीटरवर. रेटा गुणिले उंची केली की स्टँड उलटवायची ताकद मिळते: 60 ला साधारण 63 (किलो गुणिले मीटर), 80 ला 109.

आता त्याला अडवणारी बाजू. बेसमध्ये 110 लिटर पाणी, खांब-बोर्ड धरून सगळं मिळून 150 किलो. पण मागून वारा आला की स्टँड बेसच्या पुढच्या कडेवर उलटतो, आणि या वजनाचा मध्य त्या कडेपासून जेमतेम 45 सेंटीमीटर मागे आहे. गुणाकार येतो 67. म्हणजे 60 च्या वाऱ्यात स्टँड कसाबसा तगतो आणि 80 ला जातो. शिवाय वारा एकसारखा वाहत नाही, झोतात येतो.

पाण्याऐवजी कोरडी वाळू भरली तर लिटरमागे दीड किलो धरता येतो. अडवणारी ताकद 92 वर जाते, तरी 109 ला पुरत नाही. शिवाय वाळू एकदा भरली की काढणं महाकठीण. आम्हाला स्टँड अधूनमधून बाजूला सरकवावा लागतो, म्हणून मी पाणीच ठेवलं. ज्यांना तो एकाच जागी ठेवायचा आहे त्यांनी खुशाल वाळू भरावी, बेसला चीर गेली तरी ती पाण्यासारखी वाहून जात नाही. पाणी असेल तर टाकी काठोकाठ हवी. अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी स्टँड कलला की कलत्या बाजूलाच धावतं, म्हणजे ऐन वेळी आपल्याच विरुद्ध. कडाक्याची थंडी पडते तिथे पाणी गोठून फुगतं आणि प्लॅस्टिक फोडतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

खरा उलगडा पुढच्या आकड्याने झाला. 109 आणि 67 मधली तूट 42 ची. ती टाकीत वजन वाढवून भरायची तर आणखी 90 किलोंच्या वर लागतात. पण बेस पुढून मागे 1.1 मीटर लांब आहे. त्याची मागची कडच खाली धरून ठेवली तर 38 किलोंची ओढ पुरते! वाळूच्या पोत्यांनाही हाच नियम. खांबाच्या बुंध्याशी रचलेली पोती दिसायला भक्कम दिसतात, पण तीच मागच्या टोकाला ठेवली तर निदान दुप्पट काम करतात.

मग मागची बाजू बांधायची ठरवली. तिथे माती आहे, म्हणून स्क्रूसारखे पिळून आत जाणारे लोखंडी अँकर घेतले. खाली केबल किंवा पाइप नाही याची आधी खात्री करून घेतली. वरच्या कडीत सळई घालून गोल फिरवत गेलं की ते मातीत उतरतात, मध्येच दगड लागला तर जागा थोडी बदलायची. दोन अँकर, बेसच्या मागच्या दोन कोपऱ्यांपासून जरा बाहेरच्या बाजूला. बसवल्यावर कडीत सळई अडकवून दोघांनी जोर लावून वर खेचून पाहिलं. ही चाचणी पाऊस पडून गेल्यावर पुन्हा करायची, कारण भिजलेली माती पकड सोडते आणि वादळ बहुतेक वेळा पाऊस घेऊनच येतं.

पट्टे रॅचेटचे, म्हणजे दांड्याने टप्प्याटप्प्याने आवळायचे, आणि पॉलिस्टरचे. नायलॉन जास्त ताणतो आणि ओला झाला की आणखी सैल पडतो. सैल पट्टा मला नसलेल्या पट्ट्यापेक्षा वाईट वाटतो, स्टँड आधी थोडा झुकतो आणि मग हिसका बसतो. पट्टा प्लॅस्टिकच्या बेसवरून न नेता खांबाला मागून आधार देणाऱ्या तिरक्या नळ्यांच्या खालच्या टोकाला अडकवला. ओढ लोखंडावर यायला हवी, प्लॅस्टिक चिरतं. रॅचेट ताठ होईपर्यंतच आवळायचं, त्यापुढे बेस वाकायला लागतो. पट्ट्याला मध्ये एक पीळ दिला की तो वाऱ्यात फडफडत नाही. हे न केल्यास रात्रभर असा घुमतो की झोप लागत नाही.

वारा समोरून आला तर स्टँड मागच्या कडेवर उलटतो, तेव्हा पुढची बाजू धरून ठेवावी लागते. तिकडे काँक्रीट आहे आणि मुलं तिथेच खेळतात, त्यामुळे वर आलेली कडी नकोच होती. ड्रिलने भोकं पाडून आतून आटे असलेल्या लोखंडी बाह्या (छोट्या पोकळ नळ्या) ठोकल्या, त्या फरशीच्या पातळीत बसतात. कडीचा बोल्ट वाऱ्याच्या आधी पिळायचा, एरवी आत माती जाऊ नये म्हणून छोटा बिनडोक्याचा स्क्रू. भोकातली पूड ब्रशने खरवडून पूर्ण बाहेर काढल्याशिवाय बाही धरत नाही, आणि काँक्रीटच्या कडेला अगदी लागून भोक पाडलं तर कडच तुटते. पेव्हर ब्लॉक असतील तर हा उद्योग करू नये, ब्लॉक नुसत्या वाळूवर बसवलेले असतात, अँकरसकट उचलले जातील.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र स्टँडमध्येच आहे: बोर्ड खाली घेणं. रिंग साडेसात फुटांवर आणली की 80 च्या वाऱ्यातला आकडा 109 वरून 84 वर येतो. खेळ संपला की मुलगी आता बोर्ड खाली घेऊनच घरात येते, सांगावं लागत नाही.

त्यानंतरच्या जोरदार वाऱ्यांत स्टँड थरथरतो, पण चाकं उचलत नाहीत. वादळाचा इशारा असेल तर मी पट्ट्यांच्या भरवशावर राहत नाही. पाणी काढून, दोघातिघांनी धरून स्टँड मागे आडवा करायचा, रिंग आभाळाकडे. पुढे आडवा केला तर सगळा भार रिंगवर येऊन बोर्ड तडकतो. आडव्या खांबावर तेच मागचे पट्टे टाकून ठेवले की झालं. पट्ट्यांचे धागे उन्हाने पांढुरके, केसाळ दिसायला लागले की ते बदलायचे, आमच्या मागच्या दोन्ही पट्ट्यांची आता तीच वेळ आली आहे.