तुम्ही विचारलंत म्हणून: जगातलं तेल आता उताराला लागलंय का?

रावेर-यावलकडे केळीवाल्यांमध्ये बसलं आणि डिझेलचा विषय निघाला की कोणीतरी विचारतंच, काय सर, जगातलं तेल आता जास्तीत जास्त जेवढं निघायचं तेवढं निघून झालं, पुढे घटतच जाणार म्हणतात, खरं का? भूगोल शिकवतो म्हणून मलाच विचारतात.

माझं म्हणणं असं, की तेल संपत नाहीये, सोपं तेल संपत चाललंय. आपल्या ट्यूबवेलसारखंच, पाणी लागतं पण दरवर्षी अजून खाली, मग मोटर मोठी, केबल लांब आणि खर्च डबल.

१९५६ मध्ये हबर्ट नावाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने सांगून ठेवलं होतं की अमेरिकेचं उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिखर गाठेल आणि मग उतरेल, आणि झालंही तसंच, १९७० ला गाठलं आणि पुढे बरीच वर्षं घसरतच गेलं. पण मग त्याच अमेरिकेने शेल खडकात आडवं ड्रिलिंग करून, दाबाने पाणी-वाळू सोडून खडक फोडून तेल काढलं आणि २०१८ मध्ये जुना रेकॉर्ड मोडला. म्हणून "अमुक साली संपणार" असं छातीठोक सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण शेलची विहीर पहिल्याच वर्षात निम्म्याच्या खाली येते, सारख्या नवीन विहिरी पाडाव्या लागतात, आणि भाव पडला की ते परवडत नाही. साध्या विहिरींचं कच्चं तेल तर २००६ लाच शिखर गाठून गेलं असावं असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१० मध्ये म्हटलं होतं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आता भांडण वेगळंच आहे. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे तेलाची मागणीच आधी वाढायची थांबेल, २०३० च्या आत, असं हीच संस्था २०२३ मध्ये म्हणाली, ओपेकला, म्हणजे तेल विकणाऱ्या देशांच्या संघटनेला, ते अजिबात मान्य नाही.

आपल्याला शिखराच्या तारखेपेक्षा भावाची काळजी हवी. देश ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, २००८ च्या जुलैत बॅरल १४७ डॉलरपर्यंत गेलं होतं, आणि आपली केळी ट्रकने दिल्लीला जाते. नवीन ट्रॅक्टर घेऊ का विचारणाऱ्यांना मी सांगतो, घ्या, डिझेल मिळेल, भावाचं मात्र कोणीच सांगू शकत नाही. मोटर सोलरवर टाकता येत असेल तर आधी ती टाका. आणि ठिबकच्या नळ्या, केळीच्या घडावर चढवायच्या स्कर्टिंग बॅगा, हेही तेल-गॅसपासूनच बनतं, तो खर्च धरूनच हिशोब करा.