बेस गिटारऐवजी ट्युबा
बेसवाला ऐनवेळी गळाला, म्हणून आज रॉक बँडच्या तालमीत मी ट्युबा (फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य) घेऊन बसलो. आधी सगळे हसले. मग गाणं सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीला माझा दम संपला. गिटारवर बोटं चालतात तोवर बेस चालतो. इथे १८ फूट नळीत फुंकायचं, म्हणजे श्वासाला जागा शोधावी लागते. शेवटी मधले काही सूर सरळ गाळले. ड्रमर म्हणाला, "अरे, हे तर जास्त झुलतंय!" १९२०च्या दशकात जॅझवाले ट्युबावरच बेस धरायचे (हे मी दोनदा ऐकवलं). मध्येच कळ दाबून नळीत श्वासामुळे साचलेलं पाणी काढलं, ते नेमकं गिटारच्या पेडलवर. ओठ अजून बधिर आहेत. शनिवारी परत बोलावलंय. येताना फडकं आण म्हणे.