विधी एका फाशावर उरकू नका

कथेतला थरारक मंत्रविधी टेबलटॉप रोलप्लेइंगमध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं निभावत खेळायच्या खेळात, आणला की फिका का पडतो? नवे गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे, हे मला नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: आपण कथेतून मंत्र तेवढा उचलतो आणि तो म्हणणारी माणसं तिथेच सोडून येतो.

भयकथाकार लव्हक्राफ्टची १९२९ साली प्रसिद्ध झालेली 'द डनविच हॉरर' ही कथा घ्या. शेवटी तिघे विद्वान एका अदृश्य राक्षसाला घालवायला टेकडी चढतात. त्याआधी त्यांच्यातल्या आर्मिटेजने सांकेतिक लिपीतली डायरी जागून जागून उलगडलेली असते. दुसऱ्याच्या, राइसच्या, हातात फवारणी पंप असतो. त्यातली पूड अंगावर पडली की तो राक्षस क्षणभर दिसतो. आपण मात्र खाली, दुर्बीण घेतलेल्या गावकऱ्यांपाशी असतो. तिघांचा मंत्र धड ऐकूही येत नाही, तरी श्वास रोखला जातो.

हे जसंच्या तसं खेळता येतं! डायरी एकीकडे, पंप दुसऱ्याकडे, मंत्र तिसऱ्याकडे. पूड एकदाच पुरेल एवढी ठेवा. मग पंपवाला किती जवळ जाणार, हे त्यालाच ठरवू द्या.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या रोलप्लेइंग खेळाच्या २०१४च्या नियमांत विधी म्हणून मंत्र टाकला तर स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) वाचतो, वेळ दहा मिनिटं जास्त लागतो. नियम उत्तम आहे, पण टेबलावर ही दहा मिनिटं 'बरं, झाली' म्हणत संपतात. मी त्यांचे तीन तुकडे करते. प्रत्येक तुकड्यात काहीतरी जवळ येतं आणि मी विचारते, थांबतोस की पुढे म्हणतोस? एकाग्रता मोडली तर पुन्हा पहिल्यापासून, हे नियमातच आहे.

साहित्यही टेबलावर दिसू दे. सोबती प्राणी बोलावणाऱ्या 'फाइंड फॅमिलियर' या मंत्राला दहा सोन्याच्या नाण्यांचा कोळसा, धूप आणि वनस्पती पितळी शेगडीत जाळाव्या लागतात. ती शेगडी कोण वाहतंय? भुयारातून पळताना ती कोण टाकणार?

आपल्याकडचे खरे पूजाविधी मात्र मी खेळात घेत नाही. ती कुणाची तरी श्रद्धा असते. खेळासाठी नवा विधी रचावा.

आणि फासा वाईट पडला म्हणून 'काहीच झालं नाही' असं कधी म्हणू नका. विधी फळू दे, किंमत वाढू दे. १९८१च्या 'कॉल ऑफ क्थुलू' या रोलप्लेइंग खेळामध्ये मंत्राची किंमत पात्राच्या मानसिक संतुलनातून वळती होते. ही किंमत आधीच सांगा आणि खेळाडूंना हवा तेवढा वेळ द्या. माझ्या टेबलावर सगळ्यात लांब चर्चा तिथेच रंगते.