बायका कामाला येईनात का?

“लाडकी बहीणचे पैसे सुरू झाल्यापासून बायका खुरपायला येईनात, खरं का हो?” मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या एका गावात बीसी सखी आहे, म्हणजे बँकेच्या वतीनं गावातच पैसे काढून देणारी. बायका माझ्या यंत्रावर अंगठा लावून पैसे काढतात, म्हणून बागायतदारांपासून पुण्याच्या पाहुण्यांपर्यंत सगळे मलाच हे विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

राज्य सरकारच्या या योजनेत बाईला महिन्याला मिळतात १,५०० रुपये. आमच्याकडे खुरपणीचा रोज अडीचशे-तीनशे. म्हणजे झाली पाच-सहा दिवसांची मजुरी. उरलेला महिना घरानं काय खायचं? काम कुणी सोडलेलं नाही. कमी झालीय ती उचल, म्हणजे मजुरीपोटी मालकाकडून आगाऊ घेतलेले पैसे. पेरणीच्या तोंडावर पोरांच्या वह्या, किराणा, एखादं दुखणं, सगळं एकदम अंगावर येतं. त्यासाठी मालकाकडून उचल घेतली, की तो म्हणेल त्या दिवशी, म्हणेल त्या भावात जावं लागायचं, शेजारच्या रानात पन्नास रुपये जास्त मिळत असले तरी. आता त्यातलं थोडं या पैशात भागतं. मग बायका भाव विचारतात, चार-सहा जणी मिळून गुत्तं, म्हणजे कामाचा ठेका, घेतात. ‘येईनात’ म्हणणाऱ्यांचं अर्धं दुखणं हे आहे.

हे काही आमच्याच गावातलं नवल नाही. मध्य प्रदेशात इंदूरकडच्या काही गावांत ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं २०११-१२च्या सुमारास युनिसेफच्या मदतीनं असेच विनाअट पैसे देऊन पाहिले होते. सुरुवातीला मोठ्या माणसाला महिना २०० आणि लेकराला १०० रुपये. तिथंही लोक घरी बसले नाहीत. उलट दुसऱ्याच्या रानातली मजुरी कमी करून आपल्या तुकड्यात, आपल्या शेळ्यामेंढ्यांत जास्त राबले.

माझी तक्रार आहे ती तारखेची. ऑगस्ट २०२४मध्ये राखीपौर्णिमेच्या आधी दोन महिन्यांचे ३,००० एकदम पडले. विधानसभा निवडणुकीआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचेही एकदमच. मग डिसेंबरचा हप्ता महिना संपता संपता आला आणि २०२५च्या फेब्रुवारीचा तर मार्च उजाडल्यावर. बायकांना छोटी कर्जं देणाऱ्या मायक्रोफायनान्सचा माणूस मात्र ठरल्या वारी दारात हजर. ज्या बाईनं या पैशावर भरवसा ठेवून कर्जाचा हप्ता धरलेला असतो, ती मग व्याजानं पैसे शोधत फिरते. प्रचारात सत्ताधारी २,१०० करू म्हणाले. ठरलेल्या तारखेला देऊ, असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मला विचाराल तर हजारच द्या, पण पाच तारखेला द्या.

दुसरा घोळ खात्याचा. पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात येत नाहीत, आधारला जे खातं शेवटचं जोडलेलं असेल त्यात जातात. सिमकार्ड घेताना कुणीतरी कधीतरी उघडून दिलेलं खातं बाईला माहीतही नसतं. ती म्हणते पैसे पडले नाहीत, आणि ते तिकडं पडून असतात. असली खाती शोधण्यात माझी सकाळ जाते.

आणि नवरे? काही जण बायकोच्या मागं उभे राहून सगळे काढायला लावतात, तेही बघते मी. पण एकटीनं येणाऱ्या बऱ्याच जणी हजार-बाराशेच काढतात, बाकी खात्यात ठेवतात. शिल्लक हळू सांग म्हणतात, आणि पावती इथंच फाडून टाकायला लावतात.