लाल रंगाचं काय करायचं?

सीटीच्या रिपोर्टवर आकडा होता ५.८ सेंटिमीटर. पोटातली महाधमनी एरवी दोनेक सेंटिमीटर रुंद असते. पुरुषांमध्ये तिचा फुगवटा ५.५ पर्यंत पोचला की शस्त्रक्रियेचा विषय निघतो. पेशंट भोरकडचे एक सत्तरीतले काका. मुलगा इन्शुरन्सची फाइल घेऊन तयारच होता. स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे धमनीत आतून बसवायची नळी, कुठल्या मापाचा लागेल ते काढायला स्कॅन आमच्या बाणेरच्या ऑफिसात आला.

मी मेकॅनिकल इंजिनिअर, स्कॅनवरून धमनीचं थ्रीडी मॉडेल बनवतो. कॉन्ट्रास्टमुळे, म्हणजे स्कॅनआधी शिरेतून दिलेल्या औषधामुळे, रक्ताची वाट पांढरीशुभ्र दिसते, ती सॉफ्टवेअर चटकन उचलतं. खरी हमाली तिच्या बाहेर. भिंतीला आतून गुठळीचा करडा थर, बाहेरून चिकटलेलं आतडंही करडंच. तिथे एकेक काप बघत हाताने रेघ ओढायची. (‘सगळं ऑटोमॅटिक’ म्हणून विकणाऱ्यांनी एकदा शेजारी येऊन बसावं.)

मॉडेल उभं राहिलं तेव्हा दिसलं, काकांची धमनी नेमकी फुगवट्यापाशी कलंडलेली आहे. काकडी तिरकी कापली की चकती लांबट निघते. आडव्या कापावर मोजलेलं माप तसंच वाढलं होतं. मध्यरेषेला काटकोनात मोजलं तर ५.३.

५.५ च्या आत, म्हणजे ऑपरेशनसाठी थांबायला हरकत नव्हती. पण त्याच मॉडेलवर आतून १२० चा रक्तदाब देऊन भिंतीवरचा ताण काढला, तर मागे मणक्याच्या बाजूला लालभडक पट्टा. लाल म्हणजे ताण जास्त.

संध्याकाळी सर्जन मॅडमना दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, “या लालमधलं तुम्ही स्कॅनमध्ये बघितलंय किती आणि धरून चाललाय किती?”

धरली होती भिंतीची जाडी. सीटीत ती नीट दिसतच नाही, म्हणून सगळीकडे सरसकट दोन मिलिमीटर.

“एक करून बघा.”

रंगपट्टी तीच ठेवून केलं. ताण जवळपास दुप्पट, निम्मा फुगवटा लाल. मग अडीच केलं, तर पट्टा जेमतेम उरला. पोट एकच, निकाल तीन.

माप, कोन, किडनीच्या धमन्यांखाली ग्राफ्टला टेकायला किती जागा आहे, यावर मी छातीठोक सही करतो. रंगांवर नाही करत. मॅडमनी काकांची जुनी सोनोग्राफी काढायला लावली. वर्षभरात वाढ नाममात्र, पोटात-पाठीत दुखणं नाही. ठरलं: ऑपरेशन आत्ता नाही, बीपीची गोळी रोज, बिडी बंद, तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी.

मुलाला काही पटेना. त्याने माझ्या लॅपटॉपवर लाल पाहिला होता. “मॅडम, एवढं लाल दिसतंय आणि थांबायचं?” त्यांनी त्याला जाडीचं गणित समजावलं, पण नजर स्क्रीनवरून हलेना.

रिपोर्टात मी तिन्ही चित्रं शेजारीशेजारी छापली, प्रत्येकाखाली धरलेली जाडी लिहून. मॅडमनी ते पान हॉस्पिटलच्या फाइलला लावलं आणि मुलाच्या हातात फक्त मापांचं पान दिलं.