40 नंबरची मुलगी गेली कुठे?

ओळखीतल्या एका क्लासवाल्या सरांना जावास्क्रिप्टमध्ये हजेरीचं छोटंसं अ‍ॅप करून देत होतो. पोरांचे रोल नंबर 1 ते 40, म्हटलं अ‍ॅरे (क्रमवार यादी) कशाला, साधा ऑब्जेक्ट घेऊ, की (key) म्हणजे रोल नंबर, व्हॅल्यू म्हणजे नाव, आणि वर लेंग्थ 40 लिहून टाकली. जॉइन (सगळं स्वल्पविरामाने जोडणं), पुश (शेवटी नवीन टाकणं) वगैरे मेथड्स लागतील तेव्हा अ‍ॅरे.प्रोटोटाइपकडून, म्हणजे अ‍ॅरेच्या मेथड्स जिथे असतात तिथून, उसन्या घ्यायच्या आणि कॉल लावून आपल्या ऑब्जेक्टवर चालवायच्या.

आणि चालतं की राव! ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, तसं या मेथड्स समोरचा खरा अ‍ॅरे आहे का हे विचारतच नाहीत, स्पेसिफिकेशनमध्येच मुद्दाम तसं ठेवलंय. लेंग्थ वाचायची, 0 पासून लेंग्थ वजा 1 पर्यंतच्या कीज बघायच्या, बस. जेक्वेरी या लायब्ररीचा ऑब्जेक्ट पण आवृत्ती 4 येईपर्यंत पुश, सॉर्ट, स्प्लाइस असेच अ‍ॅरेकडून उचलायचा.

आता वरचा तो 0 परत वाचा. मी नव्हता वाचला.

जॉइनने यादी काढली तर सुरुवातीलाच एक स्वल्पविराम, कारण 0 वर कोणी नाहीच. मी काय केलं, तर तो स्वल्पविराम स्लाइसने उडवला (हो, लाज वाटते सांगायला). नावं 39च येतायत हे मोजतंय कोण. मग एक नवीन अ‍ॅडमिशन आली, ती पुश केली. पुश बिचारा लेंग्थ बघतो, 40 दिसली, त्याच कीवर नवीन नाव ठेवतो आणि लेंग्थ 41 करतो. एरर नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन, "अहो, 40 नंबरची मुलगी गेली कुठे?"

आता 0 पासूनच ठेवतो, रोल नंबर आतली प्रॉपर्टी. नुसतं वाचायचं असेल तर अ‍ॅरे.फ्रॉम बरा, तो अशा ऑब्जेक्टचा खरा अ‍ॅरे करून देतो; नोडलिस्टला (वेबपानावरच्या एलिमेंट्सची यादी) फॉरईच आहे पण मॅप नाही, तिथे तोच वापरतो. माझी चूक मात्र त्यानेही सुटली नसती, 40 वाली तिथेही गळलीच असती. आणि कॉन्कॅटच्या (अ‍ॅरे एकमेकांना जोडणारी मेथड) नादी लागू नका, तो आपला ऑब्जेक्ट उलगडत नाही, अख्खा एक आयटम म्हणून कोंबतो, सिंबल.इजकॉन्कॅटस्प्रेडेबल ट्रू केलं तरच ऐकतो.

मुलीचं नाव सरांच्या वहीत होतं, तिथून परत टाकलं.