ग्वाल्हेरचा किल्ला, आदिनाथ आणि सृष्टी कुणी केली याचं भांडण

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर जायला दोन वाटा आहेत. पूर्वेकडची ग्वाल्हेर दरवाजाची वाट पायी चढायची, पश्चिमेकडची उरवाईची गाडीने. बहुतेक पाहुणे उरवाईने थेट वर जातात, मानमंदिराच्या निळ्या भिंतीवरची पिवळी बदकं बघतात, सहस्रबाहूच्या देवळापुढे फोटो काढतात आणि उतरल्यावर गजकाचे डबे घेतात. आमचा अर्धा दिवस मात्र उरवाईच्या चढावरच गेला. घरून निघतानाच वाद पेटला होता आणि काकांनी मुद्दाम गाडी तिथेच थांबवली.

आम्ही म्हणजे मी, मावशीचे यजमान काका आणि मावसभाऊ दादा. मावशीचं सासर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं, शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेलं. घरात वरणभात, संध्याकाळी रामरक्षा आणि बोलण्यात मधूनच 'बिलकुल' नि 'फालतू'. काका प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेत. दादा अमेरिकेत, सिनसिनाटीला असतो आणि डिसेंबरच्या सुटीत आला होता. मीही झेलम एक्स्प्रेसने त्याच कडाक्याच्या थंडीत येऊन पोचले होते.

चहाच्या वेळी दादा तारवाची गोष्ट सांगत होता. त्याच्या घरापासून तासाभरावर, केंटकीतल्या विल्यम्सटाउनला, बायबलमधल्या प्रलयातून वाचलेल्या नोहाचं तारू, म्हणजे जहाज, बांधून ठेवलंय. २०१६ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. ५१० फूट लांब, लाकडी. आत पिंजऱ्यांमध्ये डायनासोरही ठेवलेत, कारण बांधणाऱ्यांच्या मते पृथ्वी जेमतेम सहा हजार वर्षांची आणि डायनासोर माणसाचे समकालीन. हा हिशेब जुना आहे. आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधल्या वंशावळी जोडून १६५० मध्ये सृष्टीच्या सुरुवातीचं सालच छापलं, इसवी सनापूर्वी ४००४.

दादा हसत होता. काका हसले नाहीत. "त्यांना बायबल तरी पुरतं साथ देतं का, ते बघ," म्हणाले. 'उत्पत्ती'च्या पहिल्या अध्यायात आधी झाडं, मग मासे आणि पक्षी, मग जनावरं आणि शेवटी माणूस. दुसऱ्या अध्यायात माणूस आधी आणि जनावरं त्याच्या सोबतीसाठी मागून. पहिल्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी येतो. मग आधीचे तीन दिवस मोजले कशाने? हा प्रश्न डार्विनच्या कंपूतला नव्हे. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती आचार्यानेच तो विचारला होता. ऑगस्टीन तर पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याच लोकांना बजावत होता की आकाश, ग्रह, प्राणी यांबद्दल धर्मग्रंथाच्या नावाने काहीबाही बोलाल, तर ज्यांना त्यातलं कळतं ते तुम्हाला हसतील आणि तुमच्याबरोबर ग्रंथालाही.

इथवर सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. मग दादा म्हणाला, "आपलं त्या मानाने बरं आहे. आपल्या ग्रंथांत उत्क्रांती आधीच आहे. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. डार्विनच्या आधी."

काकांनी कप खाली ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली.

उरवाई दरवाजातून आत शिरलं की रस्ता दोन्ही कड्यांच्या मधून चढतो आणि कड्यांतून जैन तीर्थंकर उभे दिसतात. तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळात, पंधराव्या शतकात, हे खोदकाम झालं. त्यातली सगळ्यांत मोठी मूर्ती आदिनाथांची, सुमारे ५७ फूट. आकडा वाचून काही कळत नाही. पायाशी उभं राहिलं की कळतं, कारण पाऊलच जवळजवळ नऊ फूट लांब आहे. १५२८ मध्ये बाबर इथे आला. ही दरी त्याला आवडली, मूर्ती आवडल्या नाहीत. त्या फोडायचा हुकूम दिल्याचं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. फोडणाऱ्यांनी बहुतेक चेहरे छाटून काम उरकलं आणि पुढे जैन मंडळींनी ते चुन्याने पुन्हा घडवले. थोडं निरखून पाहिलं तर मानेजवळ सांधा दिसतो. खाली खरखरीत दगड, वर गुळगुळीत गिलावा, आणि दोघांचा पिवळा काही जुळत नाही.

काकांनी दादाला तिथे उभं केलं. "हा दगड कसला?"

"वालुकाश्म."

"विंध्याचा. पाण्याखाली थरावर थर बसून झालेला. ही वाळू साचत होती तेव्हा मासा नव्हता, कासव नव्हतं, डुक्कर नव्हतं. आता तुझा मत्स्यावतार सांग. मासा कुणाच्या ओंजळीत आला?"

दादा क्षणभर गप्प. "मनूच्या."

"म्हणजे माणूस आधीच हजर. नदीत उभा राहून पाणी हातात घेतोय. कासवाच्या वेळी देव आणि दानव दोन्ही बाजूंनी दोर ओढतायत. यात आधी मासा झाला आणि मग माणूस झाला असं कुठे लिहिलंय? अवतार घेणारा विष्णू तोच राहतो, तो कुठे बदलतो?"

मला हे इतकं साधं उत्तर कधी सुचलं नव्हतं. शाळेपासून दशावतार आणि डार्विन ही जोडी ऐकत आले. ती लावायची हौस जुनी आहे, १८८० च्या दशकात बंगालच्या ब्राह्मो समाजातल्या केशवचंद्र सेनांनीही लावली होती. पण आपल्याकडे १८७३ मध्येच जोतीरावांनी 'गुलामगिरी'त मत्स्य-कच्छापासून एकेक अवतार सोलून ठेवलाय, तो वाचूनही आपण ही जोडी लावतोच.

दादाने दुसरा पत्ता टाकला. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि विज्ञानाप्रमाणे पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी. जवळजवळ जुळलं की! यावर काका खूश झाले, कारण हा चेंडू त्यांना हवाच होता. "पूजेला बसतोस तेव्हा संकल्प काय सोडतोस? श्वेतवाराहकल्पे, वैवस्वत मन्वंतरे, अष्टाविंशतितमे युगे. कर बेरीज. दिवसाच्या चौदा मन्वंतरांपैकी सहा गेली, सातव्यातल्या एकाहत्तर महायुगांपैकी सत्तावीस गेली. दिवस अजून अर्धाही झाला नाही. पंचांगाप्रमाणे १९७ कोटी वर्षंच होतात. पाहिजे तो आकडा उचलायचा आणि उरलेला झाकायचा, हे तुझे तारूवालेही करतात."

खरी गंमत पुढे होती. काका आम्हाला मुद्दाम आदिनाथांपाशीच घेऊन आले होते. आदिनाथ म्हणजे ऋषभदेव, पहिले तीर्थंकर. नाव आदि असलं तरी ते जगाचे कर्ते मुळीच नव्हेत. जैन परंपरेत त्यांनी लोकांना शेती शिकवली, लिपी दिली, कला शिकवल्या. त्यांचं चरित्र सांगणारं 'आदिपुराण' नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी रचलं. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष त्यांना गुरू मानायचा, म्हणजे आपल्या वेरूळवाल्यांच्याच गोतावळ्यातले. या पुराणात, चौथ्या पर्वात, सृष्टिकर्ता मानणाऱ्यांची जी झाडाझडती घेतलीय, तशी आजच्या एखाद्या नास्तिकालाही जमणार नाही.

काका एकेक प्रश्न बोटावर मोजत होते. देवाने जग केलं, तर जग नव्हतं तेव्हा तो होता कुठे? त्याला शरीर नाही, मग शरीर असलेलं जग त्याने घडवलं कसं? कच्च्या मालाशिवाय केलं म्हणता? माल आधी केला म्हणाल, तर त्या मालाचा माल कुठून आला? माल आपोआप होता म्हणाल, तर मग जगही आपोआप असायला हरकत कसली? आणि तो परिपूर्ण असेल तर त्याला काही करावंसं वाटलंच का? परिपूर्ण नसेल, तर कुंभारापेक्षा त्याची मातब्बरी काय?

हा कुंभार उगाच आलेला नाही. आपल्याकडचे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, म्हणायचे की मडकं आहे त्याअर्थी कुंभार आहे, तसं जग आहे त्याअर्थी कर्ता आहे. इंग्लंडात विल्यम पेली या पाद्र्याने १८०२ मध्ये घड्याळ आणि घड्याळजी घेऊन हेच मांडलं. म्हणजे बुद्धिमान कर्त्याचा युक्तिवाद संस्कृतात आहे आणि त्याचं खंडनही संस्कृतातच आहे. वेदप्रामाण्यासाठी जीव टाकणारे मीमांसकसुद्धा जग कधी निर्माण झालं असं मानत नाहीत. त्यांचं म्हणणं, जग असं नव्हतं असं कधी नव्हतंच. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त तर शेवटी म्हणतं की ही सृष्टी कुठून आली ते वरच्या आकाशातल्या तिच्या अध्यक्षाला ठाऊक असेल, नाहीतर त्यालाही नसेल. अशा ग्रंथसंभाराला कोर्टात बोलावून "सांगा, सृष्टी निर्माण झाली की नाही?" असं विचारलं तर तो एकमुखाने काय सांगणार? तिथे आतच हाणामारी चालू आहे आणि ती चालू आहे म्हणून मला ते ग्रंथ वाचावेसे वाटतात.

दादा भारावला होता. "मग हेच सांगायला पाहिजे ना तिकडे! आपल्या पुराणानेच क्रिएशनिझम खोडून काढलाय."

"थांब," काका म्हणाले. "त्याच पुराणात या आदिनाथांची उंची पाचशे धनुष्य आणि आयुष्य चौऱ्याऐंशी लाख पूर्व आहे, आणि एक पूर्व म्हणजेच अब्जावधी वर्षं."

मी मनात हिशेब केला. धनुष्य म्हणजे चार हात. पाचशे धनुष्यं म्हणजे तीन हजार फूट. त्या मानाने तोमरांच्या शिल्पकारांनी काटकसरच केली म्हणायची.

वर मानमंदिर, सहस्रबाहू, तेली मंदिर हे सगळं रीतसर पाहिलं, त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. उतरताना मात्र पूर्वेच्या वाटेने पायी आलो आणि चतुर्भुज मंदिरापाशी थांबलो. एका कड्यातून कोरलेलं छोटंसं विष्णूचं देऊळ. तिथल्या ८७६ सालच्या लेखात बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या ५० माळांची नोंद आहे आणि दोन्ही आकड्यांत शून्य आजच्यासारखं गोल काढलंय. जुन्या शून्यांमधलं हे एक. कोरणाऱ्याला शून्याचं काही कौतुक नव्हतं, त्याला फुलांचा हिशेब मांडायचा होता. दादाने फोटो काढले. काका एवढंच म्हणाले, "हे बघ, हे खरंच आहे. दगडावर आहे, सालासकट आहे. याचा अभिमान बाळगायला कुणाचा आकडा झाकावा लागत नाही."

मग पायऱ्यांवर त्यांचा खरा राग बाहेर आला. २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला. १८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं. काकांनी आयुष्यभर हाच विषय शिकवला. "मला धर्माचा राग नाही रे. शंकराचार्यांनी गीताभाष्यात लिहिलंय की शंभर श्रुतींनी अग्नी थंड आहे म्हटलं तरी ते प्रमाण होत नाही. इतकं स्पष्ट कोण बोलतं? आणि सृष्टीच्या कथा एकमेकींशी जुळत नाहीत हेही त्यांनी पाहिलं होतं. ब्रह्मसूत्रावर लिहिताना म्हणतात, न जुळू देत, श्रुतीला सृष्टी कशी झाली हे सांगायचंच नाहीये."

रात्री जेवताना मावशीला सगळा वृत्तांत दिला. ती रोज दासबोध वाचते. तिने भाकरी थापता थापताच आठव्या दशकातली ओवी म्हटली: "अरे जें जालेंचि नाहीं । त्याची वार्ता पुससी काई ।"

"पुढचं म्हण," काका म्हणाले. "तथापि सांगों. आणि मग पंचभूतांवर समासच्या समास!"

"अहो, ते ऐकणाऱ्याचा संशय जावा म्हणून. तुम्ही कुणाचा घालवलात आज?"

दादा ऐकत नव्हता. तो ऑफिसातल्या कुणा सहकाऱ्याला, जो तारू बघून आला होता आणि ज्याला ते मनापासून पटलं होतं, लांबलचक निरोप लिहीत होता. नवव्या शतकातलं भारतीय पुराण, सृष्टिकर्त्याचं बिनतोड खंडन, सोबत ५७ फुटी मूर्तीचा फोटो. काकांनी तो वाचायला मागितला.

"पाचशे धनुष्य कुठाय यात?"

"बाबा, ते टाकलं तर सगळी हवा जाईल."

"मग हेही पाठवू नकोस."

निरोप अजून गेलेला नाही, असं मावशी परवा फोनवर म्हणाली.